टण्ण वाजणारं लाकूड

आमच्या ब्लॉकच्या आठव्या मजल्यावर प्रमोद रामटेके राहतो. मी सहाव्या मजल्यावर, मुलाच्या घरी. अकरा वर्षांपूर्वी लिफ्टमध्ये त्याने मला पहिल्यांदा 'काकू' म्हटलं, तेव्हा माझ्या हातात मेथीची जुडी होती. त्याने विचारलं, "काकू, मेथी फार ओली होती का आज?" ताजी आहे का, कितीला मिळाली, असं सगळे विचारतात. ओली आहे का असं विचारणारा मला तोच भेटला.

प्रमोद मूळचा नागपूरचा. इथे सिंगापूरला एका मोठ्या ऑफिसच्या इमारतीत हवा थंड करणारी यंत्रं सांभाळतो. तेवीस वर्षं झाली. चाळीस मजले थंड ठेवायला लागणारी वीज तो दरवर्षी थोडी थोडी कमी करत आला आहे आणि त्याला त्याचा अभिमान आहे. घरात प्रत्येक खोलीत एकेक तापमापक, कपड्यांच्या कपाटात ओलावा शोषून घेणारे डबे, पापड-मसाले तिहेरी प्लास्टिकमध्ये. एसी लावायचा तर आधी सगळ्या खिडक्या बंद आहेत की नाहीत हे तो स्वतः फिरून बघतो. त्याची बायको दीप्ती म्हणते, "अख्ख्या इमारतीला गार करणारा माणूस, काकू, आणि मला मात्र पंख्याखाली बसवतो. सव्वीसच्या खाली आकडा नेला तर ह्याला घाम फुटतो!"

प्रमोद हसतो आणि म्हणतो, "आकडे बघा." हे त्याचं ठरलेलं वाक्य. वाद कुठलाही असो, आकडे बघा. आणि आकडे नेहमी त्याच्या बाजूने निघतात. अकरा वर्षांत 'माझं चुकलं' हे शब्द मी त्याच्या तोंडून ऐकले नव्हते. दीप्तीने सव्वीस वर्षांत ऐकले नव्हते.

त्यांना एकच मुलगी, इरा. इथेच वाढली, इथल्याच शाळेत शिकली. आई-बापांचं मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र इथल्या 'लाह' जोडलेल्या इंग्रजीत. ती आता टास्मानियात, होबार्टला असते. समुद्री शेवाळावर संशोधन करते. नवरा तिथल्याच प्रयोगशाळेत आहे आणि सात महिन्यांचं बाळ आहे. गेल्या वर्षी त्यांनी डोंगराच्या उतारावर एक जुनं लाकडी घर भाड्याने घेतलं. घरात ऊब यायला एकच साधन, बैठकीतली लोखंडी शेगडी. समोर काचेचं दार, खाली हवेची झडप, वर छतातून बाहेर गेलेलं धुराडं.

जूनमधल्या एका रविवारी दीप्ती खाली माझ्याकडे आली. चहा पुढे ठेवला तरी तिने हात लावला नाही.

"तिथल्या नगरपालिकेची दुसरी चिठ्ठी आली, काकू. इराच्या धुराड्यातून फार धूर येतो म्हणून शेजाऱ्यांची तक्रार आहे. घरमालकीण म्हणते, आता तिसरी आली तर शेगडीला कुलूप लावणार. म्हणजे भर थंडीत बाळाला घेऊन घर सोडायचं. दुसरं घर मिळत नाही तिथे. बाळ तर आत्ताच खोकतंय."

"प्रमोद काय म्हणतो?"

"काय म्हणणार! शेगडी वाईट आहे म्हणतो. आणि शिकवणी चालूच आहे ह्याची फोनवरून."

ती शिकवणी कशी चालते हे मी त्याच संध्याकाळी वर जाऊन पाहिलं. प्रमोद बनियनवर, घामाने भिजलेला, फोनसमोर बसला होता. पडद्यावर इरा, दोन स्वेटर घालून. तिच्या मागे शेगडीची काच इतकी काळी झाली होती की आत विस्तव आहे की नाही हे कळत नव्हतं.

"झडप पूर्ण बंद केलीस?"

"क्लोज्ड, बाबा."

"ओंडके किती घातले?"

"फुल. यू सेड फुल, सो फुल लाह."

"मग बरोबर आहे. हळूहळू जळू दे. जितकं हळू जळेल तितकं जास्त पुरेल. घराचीही सगळी दारं-खिडक्या लावून घे. उष्णता बाहेर जाता कामा नये."

"बट धूर, बाबा! द होल स्ट्रीट कॅन सी. अंकल अक्रॉस द रोड, एव्हरी डे ही स्टँड आउटसाइड अँड स्टेअर."

"लाकूड ओलं असेल. झाकलं होतंस का मी सांगितलं तसं?"

"ऑल फोर साइड्स. प्लास्टिक. टेप पण लावली."

प्रमोदने माझ्याकडे बघून मान डोलावली, म्हणजे बघा, पोरीने सगळं नीट केलंय. पण ती काजळी मी ओळखत होते. घरी आल्यावर मुलाला, अमेयला, कपाटावरची पेटी काढून द्यायला सांगितली.

मी शाळेत असल्यापासून रोजनिशी लिहिते. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी सवय लावली. त्या म्हणत, जे दिसलं ते वहीत लिही, जे वाटलं ते देवाला सांग. त्यामुळे माझ्या वह्यांत भावना फार सापडायच्या नाहीत. तारीख, हवा, काय शिजवलं, कोण आलं, एवढंच. सिंगापूरला येताना अमेय म्हणाला होता, आई, इतकं वजन कशाला? तरी मी त्या आणल्या.

मला हवी होती ती १९७८ची वही. माझे यजमान, निशिकांत, बर्फाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी केंद्रात होते आणि आम्ही पाच हिवाळे मनालीला काढले. दोन खोल्यांचं लाकडी घर. मधल्या खोलीत चार पायांची पत्र्याची पेटी, तिच्या पाठीतून निघालेली नळी खिडकीतून बाहेर गेलेली. खिडकीची एक काच काढून तिथे पत्रा बसवला होता. तिथले लोक त्या पेटीला तंदूर म्हणत, पण त्यात रोट्या भाजायच्या नसत. त्यात देवदाराचे ओंडके घालायचे आणि सबंध घराने तिच्याभोवती जगायचं. वर पाण्याची किटली, बाजूला ओले मोजे, पुढे आम्ही दोघं. अजूनही कधी इथल्या सुपरमार्केटात नव्या लाकडी फळीचा वास आला की मी क्षणभर थबकते. मग मागचा माणूस 'आंटी, एक्स्क्यूज मी' म्हणतो आणि मी ट्रॉली पुढे ढकलते.

दुसऱ्या दिवशी प्रमोद कामावरून आल्यावर मी वही घेऊन वर गेले.

"प्रमोद, तू नेहमी आकडे बघा म्हणतोस ना. हे बघ."

त्याने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"बारा जानेवारी. सकाळी बाहेर उणे सहा, खोलीत नऊ. ओंडके चौदा. झडप बंद. नळीतून काळा रस टपकला, चादर खराब झाली. तेरा जानेवारी. खोलीत नऊ. ओंडके चौदा. झडप बंद. धूर फार, डोळे चुरचुरतात. नि. म्हणतात, लाकूड वाचतं आहे." तो हसला. "काकांचं आणि माझं एकच मत आहे की."

"पुढे वाच."

पुढे निशिकांत वरच्या खिंडीत पंधरा दिवसांच्या मुक्कामावर गेले होते. मी घरात एकटी होते. वीज नसायची आणि कंदिलातलं तेल मी जपून वापरत होते. मला वही लिहायला उजेड हवा होता, म्हणून मी तंदुराचं दार किलकिलं ठेवून आणि झडप उघडी ठेवून लिहीत बसायची. मोठा ओंडका घातला की ज्वाळ दबायची, म्हणून मनगटाएवढ्या फोडी घालायची. झोपताना विस्तव तसाच विझू द्यायची आणि पडदे ओढून घ्यायची. एवढंच. त्यात काही हुशारी नव्हती.

प्रमोद वाचत होता. "एकोणीस जानेवारी. झडप उघडी. फोडी बारीक, सगळ्या मिळून दहा ओंडक्यांच्या. खोलीत चौदा. धूर नाही." त्याचं बोट थांबलं. "वीस जानेवारी. दहा. चौदा. धूर नाही." त्याने पान उलटलं, परत मागे आला, परत पुढे गेला. "असं कसं? हवा जास्त, जळण कमी, आणि खोली पाच अंशांनी गरम?"

"काळा रस टपकत होता ना नळीतून, ते आमचं जळणच होतं. ज्वाळ नसली की लाकडातली वाफ न पेटता तशीच धुराड्यातून निघून जाते. आपण जिला बचत म्हणत होतो ती धुरातून बाहेर चालली होती. तंदूर म्हणजे काही एसी नव्हे, बाबा. त्याला श्वास लागतो."

दीप्ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. "मग काकांनी मान्य केलं?"

"परत आल्यावर विश्वासच बसेना त्यांचा. मी मोजणीत चुकले म्हणाले. मग दोन दिवस रजा घेऊन स्वतः ओंडके मोजत बसले." मी प्रमोदच्या हातातल्या वहीचं पुढचं पान उघडलं. "चार फेब्रुवारी बघ."

त्या पानावर माझ्या अक्षरात तारीख आणि हवा होती. त्याखाली निळ्या शाईत, तिरप्या अक्षरात लिहिलं होतं: 'चूक माझी होती. नि.' माझ्या सगळ्या वह्यांत त्यांच्या हातची ती एकच ओळ आहे.

प्रमोदने ती ओळ दोनदा वाचली. मला वाटलं, आता म्हणेल, पटलं. पण त्याने चष्मा काढला आणि भलतंच विचारलं.

"काकू, तुमचं लाकूड वाळलेलं होतं हे कसं कळायचं?"

"देवदार विकणारा सांगायचा."

"सांगायचा!" तो उठून उभा राहिला. "विकणाऱ्याच्या सांगण्यावर जाता येत नाही. दोन फोडी एकमेकींवर आपटायच्या. टण्ण वाजलं तर वाळलं. थप्प आवाज आला तर आत पाणी आहे. आणि चारी बाजूंनी कधी झाकायचं नाही, फक्त डोक्यावर झाकायचं. बाजूंनी वारा खेळला पाहिजे, नाहीतर ते आतल्या आत कुजत..."

तो बोलता बोलता थांबला. दीप्ती म्हणाली, "मग पोरीला टेप लावायला कोणी सांगितलं?"

प्रमोद खाली बसला. टेप लावायला त्यानेच सांगितलं होतं. सिंगापुरातल्या दमट हवेत तेवीस वर्षं प्रत्येक वस्तू प्लास्टिकमध्ये बांधून ठेवता ठेवता तो हे विसरून गेला होता.

"हे तुला कोणी शिकवलं, प्रमोद?" मी विचारलं.

"माझे बाबा," तो म्हणाला. "टालावर होते. जळाऊ लाकडं फोडायचे."

नागपूरला लाकडाच्या वखारीला टाल म्हणतात. इथल्या मराठी मंडळींत प्रमोदचे वडील लाकडाच्या धंद्यात होते एवढंच सगळ्यांना माहीत होतं. दीप्तीला खरं माहीत होतं. इराला नव्हतं.

"पहाटे पाचला निघायचे. एक कुऱ्हाड, एक घण, दोन पाचरी. धावड्याचं लाकूड फोडायला सगळ्यात अवघड, पण बाबा म्हणायचे, जळायला त्याच्यासारखं दुसरं नाही. रविवारी मलाही न्यायचे. मी फोडी आपटून आवाज ऐकायचा आणि दोन ढीग करायचे. घरी मात्र आमच्या चुलीत टालावरचं ओलं, उरलेलं, सालटाचं जळण. सगळा धूर घरात. आईचे डोळे कायम लाल. मी तेव्हाच ठरवलं होतं, ह्या धुरापासून लांब जायचं. म्हणून थंड हवेच्या कामात आलो. धूर नाही, राख नाही." तो जरासा हसला. "आणि आता पोरीच्या घरात मीच धूर केला."

मला माझी दुसरी एक वही आठवली. आमचं घर नागपूरला धंतोलीत होतं. न्हाणीघरात तांब्याचा बंब होता आणि महिन्याला एकदा जळण यायचं. १९५६च्या वहीत मी लिहिलं आहे: 'आज दोन बंड्या जळण आलं. फोडणारा माणूस दोन तास होता. आईने त्याला गूळ-पाणी दिलं.' बंड्या, म्हणजे बैलगाड्या, मोजल्या, तास मोजले, गुळाचीसुद्धा नोंद केली. माणसाला नाव विचारलं नाही. तो प्रमोदचा बाप असेल असं मी म्हणत नाही. नागपुरात टाल पुष्कळ होते. पण कोणाचा तरी बाप तो होता.

"तुझ्या बाबांचं नाव काय होतं?" मी विचारलं.

"तुळशीराम."

घरी जाऊन मी त्या दिवसाच्या पानावर ते लिहिलं. तुळशीराम रामटेके, टालावर लाकूड फोडत. वाळलेलं लाकूड टण्ण वाजतं असं सांगत.

शनिवारी शेगडी नव्या पद्धतीने पेटवायची ठरली आणि तोपर्यंत इराकडे पुष्कळ कामं उरकायची होती. प्रमोदने फोन करून आधी धुराडं साफ करून घ्यायला सांगितलं. साफ करणाऱ्याने बादलीभर काळं डांबर काढलं आणि म्हणाला म्हणे, हे आतच पेटलं असतं तर छप्पर गेलं असतं. हे ऐकून दीप्ती दोन दिवस प्रमोदशी धड बोलली नाही. प्लास्टिक निघालं, ढिगाच्या फक्त डोक्यावर पत्रा राहिला. ते लाकूड पुढच्या वर्षासाठी वाळायला ठेवलं आणि ह्या हिवाळ्यापुरतं दोन वर्षं वाळलेलं थोडं विकत आणलं.

शनिवारी दुपारी तीन वाजता आम्ही तिघं फोनसमोर बसलो. आमच्याकडे एकतीस अंश आणि खाली मैदानात मुलं फुटबॉल खेळत होती. होबार्टला पाच वाजले होते, दिवस नुकताच मावळला होता आणि इराच्या नाकाचा शेंडा लाल होता. बाळ मागे गुंडाळून ठेवलेलं.

"फोडी वाजव," प्रमोद म्हणाला.

इराने दोन फोडी आपटल्या. टण्ण.

"पुढची."

टण्ण. तिसरी जोडी वाजली ती थप्प. प्रमोद ओरडला, "ती काढ! ती काढ बाहेर!"

"हाऊ यू नो? यू आर इन सिंगापूर, बाबा!"

"कळतं मला. आता दोन मोठ्या फोडी तळाला. त्यांच्यावर मध्यम, आडव्या. सगळ्यांत वर काटक्या. आणि वरून पेटव, खालून नाही."

"फ्रॉम द टॉप? आर यू शुअर?"

हे वरून पेटवणं प्रमोदने त्या आठवड्यात वाचून काढलं होतं. ज्वाळ वर असली की खालच्या लाकडातून निघणारी वाफ तिच्यातूनच जाते आणि जळते, हे त्याने मला दोनदा समजावलं होतं, एकदा तर पेन्सिली रचून. "शुअर. झडप पूर्ण उघड. आणि जावईबापूंना बाहेर उभं कर धुराड्याकडे बघायला."

काटक्या पेटल्या. बाहेरून जावयाचा आवाज आला, "स्मोक! अ लॉट!" दीप्तीने माझा हात धरला. पाच मिनिटं गेली. "स्टिल स्मोक." समोरच्या घरातले अंकल फाटकाशी येऊन उभे राहिलेत, असंही त्याने कळवलं. प्रमोद बनियनला हात पुसत होता. त्याचं लक्ष काचेवर होतं. मधल्या फोडींनी पेट घेतला आणि काच पिवळीधमक झाली. इतके दिवस काळी असलेली ती काच आम्ही पहिल्यांदाच अशी पाहत होतो. मला मनालीतलं किलकिलं दार दिसलं, वहीवरचा हलता उजेड दिसला, आणि मी चष्मा पुसायच्या निमित्ताने काढला.

"बाबा, इट्स टू स्ट्राँग. क्लोज ऑर नॉट?"

सव्वीसच्या खाली आकडा न नेणारा प्रमोद पडद्यावर वाकला. मग म्हणाला, "थोडी. पाव भाग. ज्वाळ नाचत राहिली पाहिजे. ती निजली की उघड."

मग दहा-बारा मिनिटं बाहेरून काही आवाज आला नाही. प्रमोदने दोनदा विचारलं, "काय दिसतंय?" शेवटी जावयाने फोनच धुराड्याकडे धरला. करड्या आभाळावर धुराड्याच्या तोंडाशी हवा नुसती थरथरत होती. धूर नव्हता. खाली फाटकाशी उभे असलेले अंकल वर बघत होते. मग त्यांनी खिशातून हात काढला, जावयाकडे बघून वर केला आणि आत निघून गेले.

इरा म्हणाली, "बाबा, सो द फर्स्ट टाइम, व्हाय यू टेल मी टू क्लोज?"

दीप्तीने प्रमोदकडे पाहिलं. मीही पाहिलं. त्याने आकडे बघा म्हटलं नाही.

"चूक माझी होती, इरा," तो म्हणाला. "मी शेगडीला एसी समजलो. आणि जे मला लहानपणीच माहीत होतं ते विसरलो."

"लहानपणी? हू टॉट यू?"

"तुझ्या आजोबांनी. ते नागपूरला लाकडं फोडायचे. मजुरीवर. मी तुला कधी सांगितलं नाही."

मग इरा शेगडीपासून उठून फोनच्या अगदी जवळ आली आणि चक्क मराठीत म्हणाली, "मग आता सांग ना. सगळं सांग."

प्रमोदने सांगितलं. कुऱ्हाड, पाचरी, धावडा, दोन ढीग. संध्याकाळी साडेपाचला मी उठले तेव्हाही तो सांगतच होता, आणि होबार्टच्या त्या खोलीत एकोणीस अंश झाले होते.

ऑगस्ट संपत आला तरी तिसरी चिठ्ठी आलेली नाही. घरमालकिणीने शेगडीला कुलूप लावलं नाही. उलट पुढच्या वर्षाचा करार करायचा का, असं तिने विचारलंय. बाळाचा खोकला थांबला आहे. इराने एक वही केली आहे. त्यात तारीख, बाहेरची हवा, फोडी किती, धूर आहे की नाही, असं ती लिहिते आणि आठवड्याला मला त्याचा फोटो पाठवते. तिच्या नोंदी माझ्यापेक्षा नीटनेटक्या आहेत, फक्त शब्द इंग्रजी.

शनिवारी दुपारी तीनला आठव्या मजल्यावरून फोन येतो आणि मी वर जाते. नमस्कार-चमत्कार काही होत नाहीत. पडद्यावर आधी दोन हात आणि दोन फोडी दिसतात, मग टण्ण असा आवाज येतो आणि मागून इराचा प्रश्न.

"बाबा, पास ऑर फेल?"

आणि प्रमोद डोळे मिटून म्हणतो, "परत एकदा वाजव."